शिंगातून निघालेला कोपरा

कळंब

चि. मोनालीस जयभीम आणि आशीर्वाद.

उत्तराला महिना लागला, रागावू नकोस. मिकेलशी लग्न करू का, असं तू फोनवर हळूच विचारलंस, तेवढ्यात तुझा बाप विहिरीवरची मोटार बंद करून आला. मी घाबरून पावसाचंच बोलत बसलो.

पण त्याआधी तू सांगितलेलं डोक्यातून जाईना. मिकेलच्या डॅनिश भाषेत कोपऱ्याला 'यॉर्न' म्हणतात आणि तो शब्द शिंगापासून आलाय! अगं, मी बैलांचा नांगर हाकायचो तेव्हा कोपऱ्यात वळताना शिंगच आधी बांधाला लागायचं. त्यांचेही आजे नांगरामागं चाललेले असणार. तुझ्या आजीला म्हणालो, "ही माणसं आपल्यातलीच हायत!"

"व्हय, आता शिंगं बघून सोयरीक करा," ती म्हणाली.

माणूस खुशीत असला की तिकडं 'चांगल्या कोपऱ्यात हाय' म्हणतात, तेही मी तिला सांगितलं.

"मग तुमी सकाळपासनं तितंच बसलाय."

पोरी, माझा होकार आहे. आजीचाही आहे. त्याला घेऊन ये. तिखट खातो का तो?

आता घोर एकच. तुझा पत्ता तुझ्या बापाकडं, सुमितकडंच आहे. मागितला की तो विचारणार, "आबा, एवढं काय लिहिलंय?" दोनदा त्याच्यापुढं उभा राहिलो आणि चहा मागून परत आलो. तूच बापाला लवकर सांग गं, आणि तो काय म्हणाला ते मला लगेच कळव.

तुझा आबा,
धोंडीबा