वाढत्या पायाचे बूट

रविवार, दि. १९, दिवेलागण

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. इकडे सर्व धडधाकट. तिकडे तुम्ही बांधत असलेल्या पुलाचे खांब आणि तुम्ही दोघं सरळ उभे असाल, असं धरून चालतो.

बातमी मोठी आहे, पण तिच्याआधी एक तक्रार दाखल करून घे. या घरातून माझे लोकरी मोजे नाहीसे होत आहेत. जोडी गेली असती तर चोरी म्हटलं असतं. एकेकटा जातो, म्हणजे हा निव्वळ छळ. शब्दकोशाच्या कचेरीत गेला आठवडाभर मी एका पायात तपकिरी आणि दुसऱ्यात राखी मोजा घालून बसलो. 'ल' अक्षराच्या नोंदी तपासणाऱ्या माणसाच्या पायांकडे कोण बघतंय, अशी माझी समजूत होती. शिपायाने बघितलं. "साहेब, नवीन फॅशन का?" सौ.कडे दाद मागितली, तर ती म्हणाली, "अहो, मोज्यांना पाय फुटले असतील." या घरात न्याय मिळत नाही, सुभाषितं मिळतात.

तुझं पत्र आणि त्याबरोबरचा बुद्धिबळाचा पट, दोन्ही पोचले. पत्रात तू तुझ्या नेहमीच्या अधिकारवाणीने लिहिलं आहेस की, भाच्याला फुटबॉल सोडायला लावावा. इतक्या लहान चणीच्या मुलाला ते धटिंगण तुडवतील. त्यापेक्षा त्याने बसून खेळायचा खेळ खेळावा. हे वाचून तुझे चिरंजीव दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जसं काही पत्र मीच लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मामा, आईला इतकंच लिही, की रविवारची फायनल होऊ दे. त्यात मला एक मिनिटही घेतलं नाही, तर मी स्वतःहून सोडतो."

माझ्या मुलाची, म्हणजे कपाटाची, चौकशीही तू केली आहेस. बरा आहे. आडवा-उभा बरा आहे. त्याचं नंतर.

(तुला नावं कळली नसतील. संघातली मुलं माझ्या मुलाला 'कपाट' म्हणतात आणि तुझ्याला 'मिऱ्या'. दोन्ही नावं कोशात घ्यावीत इतकी नेमकी आहेत.)

मुळात तुझी काळजी अगदीच निराधार होती असं नाही. यांचे प्रशिक्षक व्यवसायाने दंतवैद्य आहेत. हंगामाच्या सुरुवातीला ते पोरांना उंचीप्रमाणे ओळीत उभं करतात आणि उंच टोकाकडून संघ भरत येतात. दाढा आधी, दुधाचे दात जागा उरली तर. कपाटाचा जन्म वर्षाच्या पहिल्या आठवड्यातला, मिऱ्याचा शेवटच्या. नियमाच्या लेखी दोघं एकाच वयाचे. निसर्गाच्या लेखी मध्ये अख्खं वर्ष, त्यात कपाटाला ओठावर लव यायची घाई आणि मिऱ्याला कसलीच घाई नाही. तेव्हा कपाट हंगामभर गोल मारत होता आणि मिऱ्या हंगामभर बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या राखत होता. सरावाला खेळवत, पण तिथेही तो घसरे, अडखळे, वळताना पडे. डॉक्टर मान हलवून म्हणत, "अंगात जोर नाही." मीही मान हलवली होती. तुलाही तसंच कळवलं होतं, ते तू मनावर घेतलंस.

आता आजचं.

मैदान पाण्याच्या टाकीमागचं. रात्रीच्या पावसाने चिखल. समोरचा संघ आला आणि त्यांच्यात एक मिशीवाला गृहस्थ दिसला. मी त्याला पंच समजून नमस्कार केला. तो लाजून म्हणाला, "काका, मी चौदाच्या आतलाच आहे." त्यांच्या बचावाचा मधला खांब तो. आमचा कपाट एरवी समोरच्यांना बाजूला सारत गोलापर्यंत जातो, कारण त्याला कोणी अडवूच शकत नाही. आज प्रथमच त्याच्यासमोर दुसरं कपाट होतं. एकदा आपटला, दोनदा आपटला, तिसऱ्यांदा बसल्या जागी चिखलात बसून राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ताई. आपल्याच घराच्या दाराला बाहेरून कुलूप दिसावं तसा तो दिसत होता. मध्यंतराला आम्ही एका गोलने मागे.

तेवढ्यात आमच्या एका पोराचा घोटा मुरगळला. बाकावर दोघंच, एक तापातून उठलेला आणि दुसरा मिऱ्या. डॉक्टर दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले.

"सर, मिऱ्याला घ्या," कपाट म्हणाला.

"अरे, तो मिशीवाला त्याला उडवून देईल."

"आधी सापडायला तर पाहिजे ना!"

घेतलं. आणि काय सांगू, पहिल्याच लाथेला चेंडू राहिला जागेवर आणि मिऱ्याचा बूट उडाला. चांगला उंच, पंचांच्या डोक्यावरून. अख्खं मैदान हसलं. मीसुद्धा हसलो असतो. पण बुटातून बाहेर आलेल्या पायावर मला माझा तपकिरी मोजा दिसला. त्याच्या आत राखी. त्याच्याही आत आणखी एक, सौ.ने विणलेला.

कपाटाने बूट उचलून मिऱ्याच्या पायात चढवला, टाचेमागे बोटं घातली. चार बोटं आत गेली. मग त्याने मैदानातूनच मला हाक मारली, सगळ्यांच्या देखत, "बाबा, हा लहान नाहीये! बूट मोठे आहेत!"

आपल्या घराण्याचा नियम तुला सांगायला नको. थोरल्याचं धाकट्याला, आणि नवं घ्यायचंच तर वाढत्या अंगाचं. तुझा गुलाबी रेनकोट मी दोन पावसाळे अंगावर वागवला, ते वर्ग अजून विसरलेला नाही. तर हे बूट कपाटाचे जुने. आणि कपाटालाच मुळात ते वाढत्या पायाचे म्हणून घेतले होते. म्हणजे वाढीच्या पोटात वाढ. त्या होड्या पायात घालून तुझा मुलगा हंगामभर घसरत होता, आणि डॉक्टर आणि मी, दोघं सुशिक्षित माणसं, त्याच्या अंगातला जोर तपासत होतो.

"अरे, सांगायचं नाही का मला?" मी रेषेवरून ओरडलो.

"सांगितलं असतं तर तुम्ही सगळे म्हणाला असतात, याचे पायपण लहान!" मिऱ्या म्हणाला.

मी आजूबाजूच्या पोरांचे पाय बघायला लागलो.

आमच्या गोलकीपरची नऊ वर्षांची बहीण पायरीवर बसली होती, स्वतःचे खेळाचे बूट घालून, लेस नारिंगी. कपाट धावत तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. एवढा मोठा मुलगा हात जोडून उभा. तिने विचार केला. "देते. पण धुऊन परत हवेत. आणि नाडी तोडायची नाही." दोन्ही पायांतले माझे मोजे माझ्या हवाली झाले, ओले. मिऱ्याने बूट चढवले, जागच्या जागी दोन उड्या मारल्या आणि कधी न पाहिलेली वस्तू पाहावी तसं स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

त्यानंतरचं मी तुला नीट सांगू शकणार नाही, कारण निम्मा वेळ मी ओरडत होतो. एवढं कळलं की हंगामभर बाकावर बसून या पोराने बाटल्या राखल्या नव्हत्या, खेळ वाचला होता. चेंडू कुठे येणार ते त्याला आधी कळतं. कोणी अंगावर आलं की हा तिथे नसतोच. मिशीवाला वळेपर्यंत हा त्याला वळसा घालून परत आलेला. एकदा तर तो त्याच्या काखेखालून सरळ चालत गेल्यासारखा गेला, आणि चेंडू कपाटापुढे अलगद ठेवून दिला, जसं ताट वाढावं. कपाटाने फक्त पाय लावला. बरोबरी!

शेवटी शेवटी मिशीवाल्याने दोन्ही पाय फाकवून वाट अडवली. मोठ्या माणसाने करू नये अशी चूक. चेंडू पायांमधून गेला, मिऱ्या बाजूने गेला, पलीकडे दोघांची भेट झाली, आणि गोलकीपर अजून चेंडू शोधत असताना जाळं हललं. ताई, मी टोपी फेकली. ती टाकीवर गेली, अजून तिथेच आहे. सौ. चक्क शिट्टी वाजवत होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिला शिट्टी येते हे मला ठाऊक नव्हतं. पोरांनी मिऱ्याला खांद्यावर घेतलं. सगळ्यांनाच घ्यायचा होता, कारण उचलायला सोपा. मिशीवाला स्वतः येऊन म्हणाला, "मलाही दे जरा," आणि याला उचलून एक गिरकी मारली. त्या क्षणी मला तो मुलगा फार आवडला.

डॉक्टरांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की, पुढच्या हंगामात मिऱ्या सोळाखालच्या गटाबरोबर सराव करील आणि पोरांनी यापुढे ओळीत हवं तसं उभं राहावं. तुझे चिरंजीव घरी येताना म्हणाले, "मामा, आईला लिही, मोठ्या पोरांना वळायला वेळ लागतो. ट्रकसारखा." लिहिलं. पट परत पाठवतो आहे. खांबांचं काम संपलं की तुम्ही दोघं खेळा. आणि बूट नवे घेतले, बरोबर मापाचे. घराण्यातले पहिले.

आता कपाट.

तुला तो दर महिन्याचा खेळ माहीत आहे, स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा मारायचा. आज उत्साहात मीच दोघांना उभं केलं. मिऱ्याची रेघ अंगठाभर वर गेली. एकदम! त्याचं आता सुरू होतंय, काळजी सोड. मग कपाट टाचा टेकवून उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, राहू द्या. आहे तिथेच आहे." मी तरीही मारली. त्याची रेघ आता वर जात नाही, ताई. गेले काही महिने ती एकाच जागी मारतोय मी. वर जायची थांबली, नुसती जाड होत चालली आहे. मला वाटत होतं, पेन्सिल बोथट झाली असेल.

डॉक्टरांना मी बाजूला घेऊन त्याच्याबद्दल विचारलं होतं. ते वाईट बोलले नाहीत. म्हणाले, "गुणी आहे हो. पण तो खेळायला शिकलाच नाही अजून. त्याला गरजच पडली नाही." वर्षा-दोन वर्षांत बाकीचे त्याच्या खांद्याला लागतील, मग डोक्याला. तेव्हा त्याच्याकडे काय असेल?

हे त्याला कळलंय. त्या चिखलात बसला होता ना, तेव्हाच कळलं. आणि ते कळल्यावर उठून त्याने पहिलं काम काय केलं, तर मिऱ्याला घ्या म्हणाला, आणि त्याच्यासाठी एका नऊ वर्षांच्या मुलीपुढे हात जोडले. आत्ता दोघं अंगणात आहेत. मिऱ्या त्याला पाय कसा वळवायचा ते दाखवतोय, आणि कपाट पडतोय, पुन्हा उठतोय.

लहान मुलाची काळजी सगळं गाव करतं. तू पत्रं लिहितेस, डॉक्टर मान हलवतात, मी मोजे देतो. मोठ्या दिसणाऱ्या मुलाला कोणी विचारत नाही, तू लहान आहेस का म्हणून. मीही विचारलं नव्हतं. मला तुझ्या मुलाची काळजी नाही, ताई. माझ्या मुलाची वाटते.

त्याला एक पत्र लिही. वेगळं, त्याच्या नावाने. उंचीचं काही विचारू नकोस.

तुझा,
धाकटा