नकाशाच्या गुंडाळीतला उंदीर

मंगळवार, तारीख १२ जानेवारी १९२६, सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. शाळा भरण्याआधी फळ्यावर आकृत्या काढायच्या म्हणून मी लवकर निघण्यासाठी सदरा घालीत होतो. डावा हात बाहीत घालताना काखेत कळ आली म्हणून उजव्या हाताने चाचपले, तर सुपारीएवढी गाठ लागली. सदरा काढला, खिडकीपाशी उजेडात उभा राहिलो आणि पुन्हा चाचपले. गाठ तेथेच होती. मग दाराला आतून कडी घातली, टाक धुतला आणि हे लिहावयास बसलो. मला अजून हे खरे वाटत नाही.

मी, सिद्धनाथ धुळा गडदे, वय वर्षे तेवीस, जात हिंदू धनगर, धंदा मास्तरकी, मूळ राहणार तालुका सांगोले, हल्ली मुक्काम सोलापूर, सिद्धाप्पा उंबरजे यांच्या घराची रस्त्याकडची खोली, हे माझे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहीत आहे. अंगात ताप आहे, पण डोके ठिकाणावर आहे. खात्रीसाठी मुंबईहून लंडनपर्यंतची बंदरे एकदा जाताना व एकदा येताना म्हणून पाहिली. एकही सुटले नाही. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. खोलीत मी एकटाच आहे.

एवढे लिहीपर्यंत घरमालकीण चन्नम्माबाई दाराशी आल्या. म्हणाल्या, "मास्तर, आज लवकर जायचं हुतं न्हवं शाळेत? दार उघडा की." मी आतून सांगितले की दारापासून लांब व्हा, आणि तुमचे भाऊ विरुपाक्ष यांना दवाखान्यातून बोलवा. त्यांनी दारावरचा हात काढला. मग विचारले, "गाठ आली व्हय?" तोवर तो शब्द मी मनातच म्हटला होता. दुसऱ्याच्या तोंडून तो पहिल्यांदाच ऐकला.

कलम १. माझ्या नावावर घर किंवा जमीन नाही. गावाकडे वडिलांच्या कळपात अकरा मेंढ्या माझ्या म्हणून धरल्या जातात, त्या माझी आई केराबाई हिच्या. पोस्टाच्या पुस्तकात एकेचाळीस रुपये आहेत, तेही तिचेच. ते घेण्यासाठी तिने प्लेगची साथ सरेपर्यंत सोलापुरात येऊ नये. माझे शेवटचे तोंड पाहण्यासाठीही येऊ नये. हे तिला कोणी तरी नीट समजावून सांगावे, कारण ती ऐकणार नाही.

कलम २. कोनाड्यातले रंगवलेले मडके पृथ्वीचा गोल म्हणून वापरात आहे, पण ते चन्नम्माबाईंचे आहे. त्यांनी ते मला पाणी पिण्यासाठी दिले होते आणि दोनदा परत मागितले आहे. ते त्यांना द्यावे, मात्र त्यात पाणी भरू नये. समुद्राचा निळा रंग पोटात जाण्याजोगा नाही. परवा गुरुवारी अमावास्येचे सूर्यग्रहण आहे. हे मडके, एक लिंबू आणि कंदील घेऊन ते वर्गाला दाखवायचे ठरले होते.

कलम ३. गणिताचे एकनाथ मास्तर यांनी माझी कंपासपेटी गेल्या श्रावणात दोन दिवसांसाठी नेली. ती त्यांच्याकडेच राहू द्यावी. मला भूगोल दिला तेव्हा ते शिक्षकांच्या खोलीत सर्वांदेखत म्हणाले होते की धनगराला मुलूख फिरायची सवय असतेच, पोरांनाही हाकील. सगळे हसले. मीही हसलो. ते हसणे मी येथे परत घेतो.

कलम ४. माझे शिक्षण मराठी फायनलपर्यंत, तीही दुसऱ्या खेपेला. इंग्रजी दुसरी अर्धी. हेडमास्तर वेणीमाधवराव कमलापूरकर यांनी मला दीड वर्षापूर्वी येथल्या मधल्या शाळेत हंगामी म्हणून घेतले व सहावीला पृथ्वीचा भूगोल शिकवण्यास सांगितले, तेव्हा मी स्वतः कुर्डुवाडीच्या पलीकडे गेलेलो नव्हतो. शाळेचा ॲटलास लढाईच्या आधीचा. जर्मनीचे आफ्रिकेतले मुलूख आता तिचे नाहीत आणि ऑस्ट्रियाचे तुकडे झाले, हे मला वर्तमानपत्रातून कळले, तेही मी चार महिने जुनेच शिकवल्यावर. त्या दिवशी मी वर्गाची माफी मागितली होती. मुलांना त्याचे फार नवल वाटले. माझा स्वतःचा ॲटलास पेन्सिलीने दुरुस्त केलेला आहे. तो तीन दिवस कडक उन्हात उघडा ठेवून, पाने काठीने उलटून, मग वर्गाला द्यावा.

कलम ५. मोठा नकाशा. नवे देश दाखवणारा नकाशा विकत घेण्याची शाळेची ऐपत नव्हती, म्हणून मी मांजरपाटावर स्वतः काढावयास घेतला. रंग कापडावर पसरत होता. साखर पेठेतले विणकर यल्लय्या यांनी सांगितले की सुताला देतो तशी पिठाची खळ कापडाला द्या, मग रेघ हलणार नाही. त्यांनीच दोन हात देऊन वाळवून दिले. त्यांनी आणखी एक सांगितले होते, की खळीत मोरचूद घाला, नाही तर उंदीर लागतील. मी घातला नाही. मोरचूद विष आहे. मुले बोट लावून देश दाखवतात आणि तेच बोट तोंडात घालतात. यल्लय्या म्हणाले, "पोरं काय देश चाटतात व्हय, मास्तर?" पण मला धीर झाला नाही. काळजीपोटी मी जे केले त्यातले सर्वांत वाईट हे झाले. सात महिन्यांत नकाशा पूर्ण झाला. नाताळच्या सुटीत तो बांबूला गुंडाळून वर्गात आढ्याला टांगला होता.

कलम ६. हे कलम मी कबुली म्हणून लिहीत आहे.

गुरुवारी, तारीख ७ रोजी, दुसऱ्या तासाला, सुटीनंतर पहिल्यांदा नकाशा सोडला. शनिवारी डेप्युटीसाहेब तपासणीस येणार होते, त्याची उजळणी घ्यायची होती. दोरी सैल केली, अर्धा पॅसिफिक उघडला आणि गुंडाळीतून मेलेला उंदीर माझ्या पायाशी पडला. अंगावर जखम नव्हती. ब्राझीलच्या जागी मुठीएवढे भोक होते, खळ खाल्लेली होती. मुले हसली. पहिल्या बाकावरचा येडू हसला नाही. तो म्हणाला, "मास्तर, ह्यो गाठीचा न्हाय नव्हं?"

एकोणतीस मुले माझ्याकडे पाहत होती. उंदीर पडला तर त्याच घटकेला म्युनिसिपालिटीच्या कचेरीला कळवायचे, वर्ग रिकामा करायचा, हे मला माहीत होते. मी पाचवीला आरोग्य शिकवतो. पण कळवले तर शाळा बंद, तपासणी बंद, आणि तपासणीवर माझे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जाणे ठरायचे होते. मी म्हणालो, "मांजराने मारलेला आहे. उचल आणि भिंतीपलीकडे टाक." येडूने तो शेपटीला धरून नेला. मी हात लावला नाही.

संध्याकाळी नकाशा डाव्या काखेत धरून खोलीवर आणला आणि भोकाला पाठीमागून ठिगळ लावून ब्राझील रंगवला. मला गाठ त्याच काखेत आहे. पिसवा गुंडाळीत राहिल्या असणार. शनिवारी डेप्युटीसाहेबांनी छडी नेमकी ठिगळावर टेकवली आणि येथे काय पिकते असे विचारले. येडूने कॉफी आणि रबर सांगितले. साहेबांनी माझी पुण्यासाठी शिफारस लिहिली. काल सोमवारी येडू शाळेत आला नाही. मी हजेरीत त्याच्यापुढे फुली मारली, आणि तो का आला नाही हे कोणालाही विचारले नाही.

सबब, नकाशा जाळावा. शनिवारी संध्याकाळी मी तो पुन्हा खोलीवर आणला, तो माझ्या खाटेमागे उभा आहे. त्याला कोणी हात लावू नये. बांबूसकट काठीने ओढून अंगणात नेऊन रॉकेल ओतावे. माझे अंथरूण व कपडे त्यातच टाकावे. पुढच्या मास्तरांनी नवा काढल्यास मोरचूद जरूर घालावा आणि मुलांना हात धुवावयास लावावे. एवढे सोपे होते ते.

येथपर्यंत लिहून झाले तेव्हा सव्वाआठ वाजले होते. विरुपाक्ष आले. खिडकीतून माझी काख पाहिली आणि म्हणाले, "मी कंपाउंडर आहे मास्तर, डॉक्टर नव्हे. ते अकराला येतील. तोवर बाहेर पडू नका." कचेरीला उंदराची बातमी देणारी चिठ्ठी मी त्यांच्याकडे दिली. साक्षीसाठी हेडमास्तरांनाही बोलावणे पाठवले.

पावणेनऊला वेणीमाधवराव आले. अंगणात दहा हातांवर, नाकाला रुमाल लावून उभे राहिले. विरुपाक्षांनी कागदांना गंधकाचा धूर देऊन ते त्यांच्या हाती दिले. सहाव्या कलमाशी आल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि ते पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग म्हणाले, "गडदे, सहावे कलम काढा. बाकीच्यावर मी आत्ता सही करतो."

मी का असे विचारले.

"मांजरानेही मारलेला असेल. तुम्हाला तरी काय माहीत? शनिवारी रिपोर्ट चांगला झाला, ग्रँट येणार आहे. आणि तुमच्या मागे तुमचे नाव तरी नीट राहू द्या."

माझाच खोटा शब्द, मुलांना सांगितलेला, ते मला समजूत म्हणून सांगत होते. मी येडूचे विचारले. ते म्हणाले, त्याच्या चुलत्याचा निरोप कालच आला होता, ताप आहे म्हणे, मुलांना ताप येतोच. कालच. ते कालपासून जाणत होते. खिडकीचे गज धरले ते हातांना गार लागत होते एवढेच आठवते.

त्यांच्याबद्दल वाईट लिहिण्याचा मला अधिकार नाही. मला नोकरी त्यांनीच दिली. गुरुवारी मी जे केले तेच ते आज करीत होते. मी कलम काढणार नाही म्हटल्यावर त्यांनी कागद पायरीवर ठेवले आणि शाळा साडेदहाला नेहमीसारखी भरेल असे सांगून गेले.

पायरीजवळ उभ्या चन्नम्माबाईंनी सर्व ऐकले होते. म्हणाल्या, "हेडमास्तरांची सही कशाला पायजे? माझा अंगठा चालत न्हाय का?" विरुपाक्ष म्हणाले की चालतो. मग बाई येडूच्या चुलत्याच्या घरी स्वतः जाऊन आल्या. घरच्यांनी आधी दार उघडले नाही. घर सोडून गावाबाहेर झोपडीत जावे लागेल म्हणून कोणाला सांगितले नव्हते. येडूला रविवारपासून ताप आहे. गाठ अजून नाही. बाईंनी चुलत्याला काय सुनावले ते त्यांनी सांगितले नाही, पण येडूला टांग्यात घालून दवाखान्यात पाठवूनच त्या परतल्या.

कचेरीतून निरोप आला की माणूस दुपारनंतर पाहणीस येईल. शाळा साडेदहाला भरते.

पुरवणी कलम. म्हणून मी दवंडीवाला बोलावला आहे. त्याला खिडकीतून मजकूर सांगितला आणि तीनदा म्हणवून घेतला: मधल्या शाळेत सहावीच्या वर्गात गुरुवारी उंदीर पडला, पोरांना शाळेत धाडू नका, सहावीच्या पोरांना आजच टोचून घ्या, कुणाला ताप असेल तर लपवू नका. त्याने हलगी खाकोटीला मारली आणि विचारले, "कुणी सांगितलं म्हणून विचारतील की. नाव घिऊ का?"

चन्नम्माबाईही माझ्याकडे पाहू लागल्या.

"घे," मी म्हणालो. "गडदे मास्तरनं सांगितलं म्हण. त्यानंच पाच दिवस लपवलं, हेही म्हण."

हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासून वाचण्यास मोकळे आहे. मी जगलो तरी सहावे कलम रद्द होणार नाही.

सही: सिद्धनाथ धुळा गडदे

साक्षीदार: विरुपाक्ष शिवलिंगप्पा हत्तुरे, कंपाउंडर. समक्ष सही केली.
साक्षीदार: चन्नम्मा भ्रतार सिद्धाप्पा उंबरजे. डाव्या हाताचा अंगठा. मजकूर विरुपाक्ष यांनी वाचून दाखवला. सहावे कलम बाईंच्या सांगण्यावरून दोनदा.

मुक्काम सोलापूर, तारीख १२ जानेवारी १९२६, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे.

आज सकाळचा खर्च: गंधक दोन आणे. येडूसाठी टांगा सहा आणे. दवंडीवाल्यास आगाऊ आठ आणे. एकूण एक रुपया, रोख दिला.

देणे: चन्नम्माबाईंस खोलीचे चालू महिन्याचे भाडे अडीच रुपये. दवंडीवाल्यास आणखी चार आणे. शाळेमागच्या दोन गल्ल्या राहिल्या आहेत, हलगी आता तिकडेच वळल्याचे ऐकू येते. त्या फिरून झाल्यावर द्यावे.