तवंगाचा तपास

२ फेब्रुवारी, रविवार
आज साडूने माझा अपमान केला. तारीख लिहून ठेवतोय, म्हणजे सूड घेताना घोळ नको.

साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. दोन मजले वर राहतो आणि रोज सकाळी सातला कॉफी प्यायला खाली टपकतो. खाऱ्या पाण्याची टाकी त्याच्याकडेही आहे, माझ्याकडेही. त्याचं पाणी इतकं स्वच्छ की टाकी रिकामी वाटते. माझ्या टाकीवर महिनाभर तेलकट तवंग येतोय. साडूने चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, की मासे पाळलेत की शिजायला टाकलेत. ही हसली. कन्या तर लोळलीच.

संकल्प: पंधरा दिवसांत पाणी आरशासारखं करीन. मग त्याच आरशात साडूला त्याचं टक्कल दाखवीन.

३ फेब्रुवारी
मासेवाल्या दुकानदाराला फोन. म्हणाला, तवंगामुळे हवा पाण्यात मिसळत नाही, मासे गुदमरतात. वरून काहीतरी तेलकट पडत असणार. म्हणजे कोणीतरी पाडतंय. असं तो म्हणाला नाही, पण त्याच्या आवाजात ते होतं.

घरात तळणबंदी जाहीर. कन्येच्या डिओवरही बंदी. हिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि अंडं तळायला घेतलं.

५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
पाण्यावर टिश्यू पेपर अंथरला, अलगद उचलला. तवंग गायब! साडूला ताबडतोब बोलावलं. दाढ दुखतेय म्हणे, येत नाही. पळपुटा.

६ फेब्रुवारी, सकाळी ७
तवंग परत हजर. साडूही हजर. दाढ अगदी ठणठणीत.

टेन्शनने केस जातात असं ऐकलंय. माझे आरशात समोरून शाबूत आहेत. न्हावी मागच्या बाजूबद्दल काहीतरी पुटपुटला होता, म्हणून न्हावीच बदलला. तरी खबरदारी म्हणून गेला महिना एक जालीम तेल लावतोय. सकाळी उठलो की आधी तेल, मग टाकीची पाहणी. आजपासून तेल डबल.

९ फेब्रुवारी, रविवार
लाटा करणाऱ्या पंपाचं तोंड वर वळवलं. पाणी ढवळलं की तवंग फुटतो. पाणी ढवळलं. सोफ्यावर उडालं, टीव्हीवर उडालं, साडूच्या कॉफीत उडालं. तो म्हणाला, मिठापेक्षा साखर चालली असती.

धाकटा मासा दिवसभर वर तोंड काढून आ वासत होता. ही म्हणाली, पुढच्या रविवारपर्यंत पाणी साफ झालं नाही तर मासे वर जातील. मी टाकी दोन्ही हातांनी कवटाळली. वर म्हणजे साडूकडे, असा खुलासा तिने केला. मी टाकी आणखी घट्ट कवटाळली.

मी दिसलो की दोघं मासे धावत काचेशी येतात. या घरात दुसरं कोणी माझ्यासाठी धावत येत नाही. नाही देणार. मेलो तरी त्या माणसाला नाही देणार.

१२ फेब्रुवारी
डोक्यात लख्ख उजेड पडला. तवंग सकाळी दिसतो. साडू सकाळी येतो. अजून काय हवं?

पुरावा हवा. कन्येचा जुना फोन टाकीच्या वरच्या फळीवर बांधला, कॅमेरा सरळ खाली. तेल आता तिप्पट लावतोय, फार दगदग होतेय.

१४ फेब्रुवारी
सापडला! सहा वाजून दहा मिनिटांनी टाकीवर एक माणूस वाकतो. चेहरा दिसत नाही, पण मधोमध बशीएवढं चकचकीत टक्कल! त्यावरून एक थेंब घरंगळतो आणि टपकन पाण्यात. आपल्या ओळखीत टक्कल एकच.

हलकटाची हिंमत बघा. सहा दहाला मी स्वतः तिथेच असतो. क्षणभर पाठ वळवली असेन, तेवढ्यात साधलं. आणि शर्टही माझ्या चौकडीच्या शर्टासारखाच, म्हणजे नाव माझं यावं! मुरलेला गुन्हेगार. एवढंच पाहून फोन बंद केला. पुढचं बघायची गरजच नव्हती.

रविवारी सगळ्यांसमोर टीव्हीवर लावणार. साडूला माफी मागायला लावणार. उभं राहून.

१६ फेब्रुवारी, रविवार
सगळे जमले. मी दोन मिनिटं प्रास्ताविक केलं. व्हिडिओ लावला. टक्कल आलं. साडूकडे बोट दाखवलं. थेंब पडला.

मग टक्कल मागे झुकलं. चेहरा वर आला. कॅमेरा चालू आहे का ते त्याने डोळे बारीक करून पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. कन्येने व्हिडिओ तिथेच थांबवला होता, त्यामुळे मी टीव्हीभर बराच वेळ मान वर करून उभा होतो.

हिने विचारलं, तेल ठेवायचं की मासे. मी विचार करायला एक दिवस मागून घेतला.

१८ फेब्रुवारी
मासे काल वर गेले. केस एकदा गेले की गेले. मासे काय, दोनच मजल्यांवर आहेत. बादली साडूने स्वतः नेली, जिन्यात एक थेंब सांडू दिला नाही.

आज भेटायला गेलो. धाकटा तळाशी मजेत हुंदडत होता. मला बघून दोघं धावत काचेशी आले. डोळ्यांत पाणीच आलं. वाकणार, तेवढ्यात मेव्हणीने टोपी पुढे केली.

शेवटचा एक डाव बाकी होता. तेलाची एक बाटली साडूला भेट दिली, त्याच्या टकलाकडे रोखून बघत. त्याने लेबल वाचलं, कपाट उघडलं आणि त्याच तेलाची जुनी बाटली काढून दाखवली. त्याने तीन वर्षं लावलं म्हणे. तीन वर्षं त्याच्याही टाकीवर तवंग होता. केस संपले, तेल थांबलं, तेव्हापासून पाणी असं आहे.

मग माझ्या मागे जाऊन त्याने माझं डोकं नीट न्याहाळलं आणि धीर दिला, की फार तर एक वर्ष, मग मासे परत न्यायला या.