पहिल्या शिडीपाशी

संगमनेर,
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

ती. आईस,
रेश्माचा पाया पडून नमस्कार.

मी बरी आहे. बजरंगकाका दुधाची गाडी घेऊन आलेत, परत जाताना त्यांच्याजवळ ही चिठ्ठी देते. तुला वाचायला सोपं जावं म्हणून अक्षर मोठं काढलंय. करणकडून वाचून घेऊ नकोस, तुझं तूच वाच.

शाळेत मला सातवीचा वर्ग दिलाय. मुलं गुणी आहेत. वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे. जिन्याला एका बाजूला नुसता कठडा, म्हणून मी भिंतीला खांदा घासत चढते. माझ्या सगळ्या ओढण्यांना एकाच बाजूला चुना लागलेला असतो. बाई विचारतात, तेव्हा फळ्याचा खडू म्हणून सांगते.

काल करणचा फोन आला. तू यंदा घट बसवला नाहीस म्हणाला. डोंगरावर जायचंही नाव काढत नाहीस. "आई म्हनती, ताई शिकलीय, तिला आपल्यापेक्षा कळतं. दगडाला कशाला लुगडं न्यायचं?" तो हसत होता. मला जेवण गेलं नाही.

मागच्या नवरात्रात मी बी.ए. झाल्याचा नवस फेडायला आपण कळसूबाईला निघालो होतो. ओटी माझ्या हातानं भरायची, असं तू बोलली होतीस. तोवर दरवर्षी मी परीक्षा, ताप, काहीतरी सांगून घरी राहायचे. लहानपणी दादांच्या खांद्यावर गेले असेन, तेही डोळे मिटून. त्या दिवशी पहिल्या लोखंडी शिडीवर पाय ठेवला आणि पायऱ्यांच्या फटीतून खालची भातखाचरं दिसली. हात गजाला चिकटले. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, चढा की. का शिडीलाच ओटी भरताय?" सगळे हसले.

मी खाली उतरले आणि तुलाच बोलले. देव काय डोंगरावर बसलाय का, पदवी माझ्या अभ्यासानं मिळाली, ही अंधश्रद्धा मी मानत नाही. कॉलेजातल्या भाषणासारखं बोलले. तू एवढंच म्हणालीस, "बरं बाई, तुला पटंना तर ऱ्हाऊ दे." आणि माझ्याबरोबर माघारी फिरलीस. ओटीचे तांदूळ दुसऱ्या दिवशी भाताला लावलेस. मी जेवले.

आई, त्यात पटण्या न पटण्याचं काही नव्हतं. मला उंचीची भीती वाटते. उंचावर गेलं की आपणच खाली उडी टाकू असं वाटत राहतं. घरातली पहिली शिकलेली पोरगी शिडीला घाबरते, हे लोकांपुढे सांगायची लाज वाटली. म्हणून शिकलेल्या बाईचं बोलणं पुढे केलं. तू ते खरं मानशील, असं वाटलं नव्हतं. रागावशील, रडशील, पुढच्या वर्षी पुन्हा जाशील, असं वाटलं होतं.

देवी आहे की नाही, मला माहीत नाही. त्या दिवशीही माहीत नव्हतं. पण तू वरून यायचीस तेव्हा गुडघे धरून ओट्यावर बसायचीस आणि घरात सगळ्यांशी गोड बोलायचीस, एवढं मला माहीत आहे. ते माझ्यामुळे बंद झालं.

मंगळवारी अष्टमी आहे. मी रजा टाकली आहे. सोमवारी शाळा सुटल्यावर मुक्कामी येते. खण, नारळ इथून आणते, तांदूळ तू घे. "मी चढायचा प्रयत्न करीन" असं लिहिलं होतं, ते खोडलंय. तुला पुन्हा खोटं सांगायचं नाही. नवस माझ्या हातून फिटणार नाही. ओटी तू भर, आणि देवीला माझं काय सांगायचं ते तुझं तू सांग.

तू उतरेपर्यंत मी पहिल्या शिडीपाशी बसेन. लोक विचारतील, बाई वर का नाही गेली. त्यांना खरं सांगेन.

तुझी भित्री मुलगी,
रेश्मा