व्हिसा लागतच नाही

३ तारीख, सोमवार. सकाळी.
ठरलं. जायचं. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे त्या देशाला आपल्याला व्हिसा लागतच नाही. निघण्याआधी ऑनलाइन एक प्रवास-परवानगी काढायची, बस. साइटवर लिहिलंय, सरासरी वेळ दहा मिनिटं. मी तर सहा मिनिटांत उरकीन.
तिकीट काढून टाकलं. एकोणीसचं. वीसला तिचा वाढदिवस. ती तिथे शिकायला गेलीय. सकाळी तिच्या दारात उभा राहणार. ती दार उघडणार, तोंडावर हात ठेवणार. पुढचं इथे लिहीत नाही.
मामाला सांगितलं. मामा म्हणाला, शहाण्या, व्हिसा लागत नाही म्हणजे दार सताड उघडं नसतं, बेल तरी वाजवावी लागते. तीस वर्षं लोकांचे पासपोर्ट फोटो काढतोय, स्वतः कधी विमानात बसला नाही. त्याने मला शिकवावं!

४ तारीख. दुपारी, स्टुडिओत गिऱ्हाईक नाही.
फॉर्म उघडला. व्यवसाय: छायाचित्रकार. (मामाचा स्टुडिओ म्हणजे अर्धा माझाच. तो नसताना पूर्ण.) शिक्षण: चालू. कॉलेज मी सोडलेलं नाही, दुसऱ्या वर्षात थांबवलंय.
मग प्रश्न आला, आपण कधी हिंसक घटनेत सहभागी झाला आहात का? नाही.
चष्मिषचं प्रकरण यात बसत नाही. तो कँटीनमध्ये तिच्या शेजारी बसून तिची वही चाळत होता. खुर्ची मी फेकली नव्हती. उचलली होती आणि सोडली. त्याचा चष्मा मध्ये आला, मग कपाळ आलं. पोलीस चौकीत नोंद झाली ती त्याच्या बापाच्या हट्टामुळे. मला आठवतं ते वेगळंच. ती मोठ्याने माझं नाव घेऊन ओरडली. चारचौघांत, पहिल्यांदा.
स्वतःचा फोटो स्वतःच काढला, टायमर लावून. उत्तम आला. भुवईवरचा व्रण पुसला, डावा कान उजव्याच्या रेषेत आणला, गाल थोडे आत घेतले. दिवसभर लोकांचे चेहरे सुधारतो, हात आपोआप चालतो. अपलोड.

५ तारीख
ॲप म्हणालं, आता कॅमेऱ्यासमोर या, मान डावीकडे, मान उजवीकडे. केलं. लाल अक्षरं: अर्जातील व्यक्ती आणि समोरील व्यक्ती एकच असल्याचे आढळत नाही.
पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी त्या फोनवर असा ओरडलो की फोटोला आलेलं तान्हं रडायला लागलं, आणि त्याची आई त्याला उचलून फोटो न काढताच निघून गेली. अर्ज चोवीस तास लॉक.
मामा म्हणाला, पासपोर्टच्या फोटोला हात लावायचा नाही, हे तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं की नाही? सांगितलं होतं. पण तो नियम गिऱ्हाइकांसाठी.
संकल्प: उद्यापासून राग बंद.

६ तारीख
व्रणासकट फोटो टाकला. जुळला. कान खरंच वाकडा आहे.
पुढचं पान: तिथल्या संपर्क व्यक्तीचं नाव, पत्ता, ईमेल. तिचं लिहिलं. मग नातं. यादीतून निवडायचं: पती-पत्नी, पालक, नातेवाईक, मित्र, वाग्दत्त, इतर. 'मित्र' फारच कमी वाटलं. 'इतर' म्हणजे अपमान. वाग्दत्त निवडलं. उद्या होणारच आहे, तर आज लिहिलं म्हणून काय बिघडलं?
पत्ता मिळाला त्याची गोष्ट साधी आहे. गेल्या महिन्यात तिच्या आई, म्हणजे काकू, घरच्या फोटोंच्या प्रिंट न्यायला आल्या होत्या. तिला पाठवायच्या म्हणून पाकिटावर पत्ता आमच्याच काउंटरवर लिहिला. मी चोरून पाहिला नाही. उलट्या बाजूने वाचला.
सबमिट.

७ तारीख
स्थिती: विचाराधीन.

८ तारीख
विचाराधीन. सकाळपासून एकतीस वेळा पाहिलं. दहा मिनिटं कुणाच्या घड्याळातली?

९ तारीख, रविवार
ताई आली होती. तिकीट दाखवलं. ताईला आनंद झाला नाही. विचारलं, तिला माहीत आहे का तू येतोयस? म्हटलं, सरप्राइझ आहे. ताईने तिकीट उलटं करून टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, तुझ्या सरप्राइझचीच भीती वाटते रे.
म्हणाली, तिने नंबर का बदलला याचा विचार केलास कधी? केलाय की. अभ्यास. तिचा प्रोफाइल फोटोही मला दिसत नाही, नुसता करडा गोल. तिथे गेल्यावर फोटो काढला नसेल चांगला. काढणारा इथे आहे ना.
ताई जाताना म्हणाली, नको जाऊस बाबा, हात जोडते. आणि खरंच जोडले. ती असं कधी करत नाही. दिवसभर तेच डोळ्यांसमोर.

११ तारीख
मेल आला! वाचला. "अर्जात नमूद केलेल्या संपर्क व्यक्तीशी आम्ही संपर्क साधू."
आधी मेल परत तीनदा वाचला. मग नीट विचार केला. बरंच झालं. अचानक दारात उभा राहिलो असतो तर घाबरली असती. आता सरकारच तिला सांगेल. असं आमंत्रण किती जणांच्या नशिबात असतं?

१२ तारीख. साडेअकरा.
काकू आल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मामाला म्हणाल्या, भाऊ, आमच्या मुलीचे जेवढे फोटो तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत तेवढे माझ्यासमोर काढून टाका. बारावीच्या ओळखपत्रापासूनचे सगळे. मामाने बसून एकेक डिलीट केला. काकू प्रत्येक वेळी मान हलवायच्या. सतरा होते.
मी चहा विचारला. काकू मामालाच म्हणाल्या, याला सांगा, माझ्याशी बोलू नकोस.
लग्न ठरण्याआधी घरचे असे तुटक वागतात. ऐकून आहे.
(माझ्या पेन ड्राइव्हवर चार आहेत. पण ते वेगळे.)

१३ तारीख
लांबलचक नंबरवरून फोन. एक बाई, अगदी शांत आवाज. माझं नाव, जन्मतारीख, मग विचारलं, संबंधित व्यक्तीशी शेवटचं बोलणं कधी झालं? म्हटलं, आमचं बोलण्यापलीकडचं आहे. पलीकडे टाइप केल्याचा आवाज. मी म्हटलं, ती वाट बघतेय. टाइप करणं थांबलं. मग ती म्हणाली, धन्यवाद, आणि फोन ठेवला.
छान बोलली. पण ते थांबणं कानातून जात नाही.

१४ तारीख
अतिरिक्त प्रश्न, फक्त तीन.
एक, कॉलेजमधील घटनेचा तपशील द्या. त्यांना कसं कळलं? चष्मिषचा हात आहे यात.
दोन, विवाह निश्चित झाल्याचा पुरावा. लिहिलं, भावना.
तीन, या व्यक्तीशी संपर्क करू नये असे आपणास कधी सांगण्यात आले आहे काय?
यावर अडलो. खरं सांगायचं तर तिने जाण्याआधी जिन्यात ताईला गाठून सांगितलं होतं, त्याला म्हणावं, मला फोन करू नकोस, मागे येऊ नकोस. पण ते ताईला सांगितलं, मला नाही. शिवाय फोन मी करतच नाहीये, स्वतः जातोय.
उत्तर: नाही.

१५ तारीख
मामाने मागे उभं राहून तिन्ही उत्तरं वाचली. म्हणाला, अरे, ती पोरगी तुझ्यापासून पळून गेली आहे. समुद्र ओलांडून. आणि तू तिच्या नव्या घराचा पत्ता सरकारी फॉर्मवर लिहितोस?
माझ्या हातात ट्रायपॉड होता. सोडला. पार्श्वभूमीचा पांढरा पडदा फाटला, एक दिवा फुटला. मामाला लागलं नाही. तो कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभा होता, दोन्ही हात तोंडासमोर धरून. मी झाडून घेईपर्यंत त्याने हात खाली घेतले नाहीत.
मामा अलीकडे फार घाबरट झालाय.
संकल्प: राग बंद. या वेळी नक्की.

१७ तारीख. दुपारी.
मेल आलाय. उघडलेला नाही. आधी बॅग भरली. निळा शर्ट, तिचं गिफ्ट. मामा दोन दिवस जेवायला घरी येत नाही, स्टुडिओची माझ्याकडची किल्ली मागून घेतली. ताईचा फोन लागत नाही.
परवानगीच असणार. शुभ बातमी सकाळी वाचावी.

१८ तारीख. सकाळी आठ.
नामंजूर.
खाली लिहिलंय, यापुढे कुठल्याही देशाच्या फॉर्मवर 'आपणास कधी प्रवेश नाकारला आहे का' या प्रश्नाला मला 'हो' लिहावं लागेल. कायम. त्याखाली कारणं. खोटी माहिती, तीन ठिकाणी. आणि मग दोन ओळी: संपर्क व्यक्तीस विचारले असता: नाते नाही. भेटीची इच्छा नाही.
कुठल्यातरी कारकुनाने घाईत उरकलंय. एक वाक्य बोलून फोन ठेवला असेल. तिला नीट समजावून सांगितलं नसणार.

साडेनऊ.
शेवटी एक बटण आहे. फेरविचार. कारण तीनशे अक्षरांत. चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. प्रेम हा शब्द तिथे विचित्र दिसतो. मग सुचलं, एकदम साधं, बिनतोड. लिहिलं, कृपया एकदा तिलाच विचारा.
पाठवण्याआधी वरचं पान परत वाचलं.
विचारलं होतं.