मराठीतून समजावलं

रविवार, संध्याकाळचे सात. लखनौ

आज जोशीकाकूंनी चिनहटच्या जमिनीच्या कागदांवर सह्या केल्या. पर्समधला चष्मा बाहेर काढलासुद्धा नाही. म्हणाल्या, "तुम्ही सांगताय ना, मग वाचायचं काय त्यात?"

मराठी मंडळातल्या घरांचे पैसे एकत्र करून जमीन घ्यायची, प्लॉट पाडून विकायचे, नफा वाटून घ्यायचा. कल्पना बिल्डरची, माणसं माझ्या ओळखीची. साइटवर काकू जरा घुटमळल्या, तसा तो माझ्या कानाशी लागला, "सर, आप मराठी में समझाइए, मान जाएँगी." आणि मी समजावलं. अगदी घरच्यासारखं.

"प्लॉट पाडायच्या परवानगीचं झालंय ना हो?"

"झाल्यातच जमा, काकू."

कागदोपत्री ती अजून शेतजमीनच आहे. मला माहीत होतं. इतक्या वर्षांत मराठीतून खोटं बोलायची वेळच आली नव्हती. ऑफिसात, बाजारात जे काय बोलतो, ते हिंदीत.

चष्मा लावला असता तर दुसऱ्याच पानावर दिसलं असतं त्यांना. म्हणजे चूक त्यांची? काय लिहितोय मी हे!

घरी आलो तर सुनंदा पोळ्या लाटत होती. म्हणाली, "काकूंनी पैसे घातले ना? मग माझी एफडी सुटतेय, आपणही थोडे..."

"नको," मी म्हणालो. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत.

तिचे हात थांबले. मी इथं येऊन लिहीत बसलोय, आणि लाटण्याचा आवाज अजून सुरू झालेला नाही.