शिंपल्यांचे न कापलेले पुस्तक

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, सेवानिवृत्त नकाशानवीस, आज सोमवारी सकाळी, नाश्ता झालेला आणि डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो की, माझ्यामागे माझ्या स्थावर-जंगम मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे लावावी. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टर दातांचा आहे, पण शेवटी डॉक्टरच आहे. दडपणाबद्दल एवढेच की पत्नी समोर बसून मटार सोलते आहे आणि प्रत्येक कलम मोठ्याने वाचून दाखवायला लावते आहे.

कलम १. राहते घर, तीन खोल्या, न्हाणीघर व जिना धरून, पत्नीला. पत्नीचे यावर म्हणणे, "तीन कुठल्या? मला दीडच माहीत आहेत." ते खरे आहे. उरलेल्या दीड खोल्यांत ग्रंथसंग्रह आहे, आणि न्हाणीघरातल्या टबात एकोणीस खंडांचा ज्ञानकोश आहे, कारण तिथे उंदीर चढत नाही. गेली चोवीस वर्षे आम्ही बादलीने अंघोळ करतो आणि कोणाचे काही बिघडलेले नाही.

कलम २. माझ्या मुलीला खिडकी. मोठ्या नकाशांच्या कपाटामागे एक खिडकी आहे. मुलगी नऊ वर्षांची होईपर्यंत तिला ती ठाऊक नव्हती. मग एकदा शाळेत घराचे चित्र काढायला सांगितले, तिने बिनखिडकीचे काढले, आणि बाईंनी आम्हा दोघांना भेटायला बोलावले. कपाट हलवून ती खिडकी मुलीच्या ताब्यात द्यावी. घर आईचे असले तरी तिथून बाहेर बघण्याचा हक्क कायम मुलीचा राहील. हे मी आधीच करायला हवे होते, त्याचे मला वाईट वाटते.

कलम ३. ऐतिहासिक वस्तू. (अ) एक खुर्ची, जिच्यावर कोणीही प्रसिद्ध माणूस कधीच बसलेला नाही, तसा लेखी दाखला पाठीमागे चिकटवलेला. अशा खुर्च्या पुष्कळ असतील, पण दाखल्यासकट ही एकच. (आ) पृथ्वीचा एक गोल, ज्यावर कारागीर एक खंड चिकटवायला विसरला. (इ) हाडाची मूठ असलेली, पाने कापायची सुरी, मूळ वेष्टनात, वेष्टन न फोडलेले. फोडले तर ती साधी सुरी होईल. तिन्ही वस्तू ज्याला हव्या असतील त्याने न्याव्यात. कोणालाच नको असतील तर मेहुण्याला द्याव्यात, म्हणजे त्याला अद्दल घडेल.

कलम ४. मेहुण्याविषयी आणखी. माझ्या या मेहुण्याने, म्हणजे पत्नीच्या धाकट्या भावाने, पक्ष्यांच्या चित्रांच्या मोठ्या ग्रंथावर गरम कप ठेवला होता. करकोच्याच्या पोटावर तपकिरी गोल उमटला. वर मला म्हणाला, "भाऊजी, एवढं काय, पक्ष्याला घरटं मिळालं." ते पान मी चौकटीत बसवून घेतले आहे. ते आणि तो कप, दोन्ही त्याला द्यावे आणि दोन्ही समोर ठेवून त्याला एक दिवस बसवावे. पत्नीने हे कलम दोनदा वाचायला लावले आणि दुसऱ्यांदा हसली, म्हणून तसेच ठेवतो.

कलम ५. आता खरी मिळकत. शंख-शिंपल्यांच्या रंगीत चित्रांचा ग्रंथ, एक नग. छापखान्यातून आला तसा, पाने न कापलेला. अनभिज्ञांसाठी खुलासा: पूर्वी मोठा कागद छापून, घडी घालून शिवत आणि घड्या वाचणाऱ्याने घरी कापून घ्यायच्या असत. ज्या प्रतीच्या घड्या तशाच राहिल्या ती संग्राहकाच्या जगात सोन्यासारखी. माझ्या प्रतीत एकशे बारा चित्रे आहेत. त्यांतली घडीच्या बाहेरची चौदा मी पाहिली आहेत. उरलेली अठ्ठ्याण्णव कोणीच पाहिलेली नाहीत, आणि तेच तिचे मोल. गेली तेहेतीस वर्षे रोज संध्याकाळी हात धुऊन मी ती मांडीवर घेतो.

सदर ग्रंथ वाचनालयाला काचेच्या पेटीत द्यावा. डॉक्टरला देऊ नये. तोही संग्राहक आहे आणि त्याचा या ग्रंथावर डोळा आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्याच मृत्युपत्राने काही मिळू शकत नाही असे वकीलबाई सांगतात, म्हणूनच मी त्याला साक्षीदार केले आहे. तसेच, जो कोणी या ग्रंथाचे एकही पान कापेल, त्याचा माझ्या समस्त मिळकतीवरचा हक्क त्याच क्षणी संपुष्टात येईल, मग तो कोणीही असो.

हे वाचून दाखवले आणि पत्नी मटार सोलायची थांबली.

"कोणीही असो म्हणजे मी पण?" तिने विचारले.

"तू कशाला कापशील?"

"त्यात माझी चिठ्ठी आहे," ती म्हणाली.

येथे मृत्युपत्र सोमवारी थांबले.

मंगळवार. पुढील मजकूर मिळकतीच्या स्वरूपात फरक पडल्यामुळे नोंदवणे भाग आहे. पत्नीचे निवेदन असे: लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तिने ही चिठ्ठी लिहिली. "तुम्हाला समोर बसवून बोलायचं तर तुमच्या हातात ते पुस्तक. म्हटलं, रोज घेताच आहात, त्यातच ठेवू." खालच्या मोकळ्या बाजूने ती घडीत आत सरकवली आणि पडू नये म्हणून डिंकाचा ठिपका लावला. पाने कापायची नसतात हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. माणूस तासन् तास पुस्तक धरून बसतो म्हणजे वाचतो, असे तिला वाटले. यात तिची चूक मला काढता येत नाही.

"आणि मी उत्तर दिले नाही," मी म्हणालो.

"नाही दिलंत. मला वाटलं, नाही कसं म्हणायचं म्हणून गप्प आहात. मग आठ वर्षांनी तुम्ही कोणा पाहुण्याला फुशारकीनं सांगत होता, याचं एकही पान उघडलेलं नाही म्हणून. तेव्हा आधी हसू आलं, मग असा राग आला की काही विचारू नका. म्हटलं, उघडतील तेव्हा उघडतील."

"आता सांग ना काय लिहिले होते."

"अहो, मी लिहून दिलं आहे. परत तोंडी कशाला?"

बुधवार. न कापता चिठ्ठी काढण्याचा प्रयत्न झाला. डॉक्टर आपली दात तपासायची आरशी, बारीक चिमटा आणि कपाळावरचा दिवा घेऊन आला. पुस्तक टेबलावर आडवे ठेवून त्याने बत्तीस घड्या एकेक करून पाहिल्या. "कीड नाही," सवयीने म्हणाला. मग सतराव्या घडीपाशी परत येऊन थांबला. "आहे. कागद आहे, आत आणखी काहीतरी जाड आहे. पण पक्कं चिकटलंय. ओढलं तर चित्र सोलून निघेल." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "हे बघ, असं कर. पुस्तक मला दे. मी जन्मात कापणार नाही. तुझं मन तुला खाणार नाही आणि वहिनींची चिठ्ठी पण सुरक्षित राहील."

पत्नी दारात उभी होती. आत जाऊन तिने नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली. भांडी आधीच घासलेली होती.

मला त्या रात्री झोप लागली नाही, एवढेच लिहितो.

गुरुवार. दुपारी वकीलबाई, डॉक्टर आणि खालच्या मजल्यावरचा शिंपी सह्यांसाठी जमले. मी ग्रंथ टेबलावर घेतला आणि सुरी मागितली. कलम ३ (इ) मधली सुरी वेष्टनात असल्याने फोडवेना, म्हणून स्वयंपाकघरातली भाजीची आणली. शिंपी म्हणाला, "काका, मी कापून देऊ का? रोजचं काम आहे." मी नको म्हणालो. डॉक्टरने तोंड भिंतीकडे केले. सतरावी घडी मी स्वतः कापली. कड वाकडी गेली, आणि आतून एक निळसर शंख समोर आला. इतका सुंदर की मला माझीच लाज वाटली. त्याच्या शेजारी चिठ्ठी होती.

चिठ्ठीतला मजकूर जसाच्या तसा: "तुम्ही कचेरीत रोज किनारे काढता आणि ब्रशनं समुद्र रंगवता. खरा समुद्र आपण दोघांनीही पाहिलेला नाही. शुक्रवारची दोन तिकिटं काढली आहेत, सोबत आहेत. येणार का? मी फलाटावर उभी राहते."

दोन तिकिटे सोबत होती. त्या शुक्रवारी ती बहिणीकडे गेली असे मी समजत होतो. ती फलाटावर गाडी सुटेपर्यंत उभी होती, आणि मग बहिणीकडे गेली. रविवारी परत आली तेव्हा मी विचारले होते, "बहीण बरी आहे ना?" ती हो म्हणाली होती. मी पुस्तक घेऊन बसलो होतो.

मग डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाला, "न वापरलेली तिकिटं, जोडी, मूळ चिठ्ठीसकट. माझ्या संग्रहातलं हवं ते देतो." पत्नीने तिकिटे ब्लाउजमध्ये ठेवली आणि विषय संपला.

आता कायदेशीर परिणाम. कलम ५ प्रमाणे पान कापणाऱ्याचा माझ्या समस्त मिळकतीवरचा हक्क संपुष्टात येतो, मग तो कोणीही असो. पान मी कापले आहे. वकीलबाई म्हणतात असे होत नसते. पत्नी म्हणते होते. मी कलम शब्दशः वाचले आणि पत्नीशी सहमत आहे. सबब दुपारी सव्वातीनपासून माझी सर्व मिळकत पत्नीची असून मी तिच्या घरी तिच्या मर्जीने राहतो. तिने मला एक पिशवी, दोन सदरे आणि चपला दिल्या आहेत. पुस्तक न्यायचे नाही अशी अट आहे. मुलीला फोन करून खिडकीचे आणि उद्या आम्ही समुद्र पाहायला निघाल्याचे सांगितले, ती म्हणाली, "बाबा, कपाट हलवायला मी दोन ताकदवान माणसं घेऊन येते, तुम्ही दोघं खुशाल जा."

उरलेल्या घड्या परत आल्यावर पत्नी आणि मी मिळून कापू, रोज एक. शिंप्याने कात्री द्यायचे कबूल केले आहे.

हे माझे शेवटचे मृत्युपत्र असून त्यात देण्यासारखे आता एकच उरले आहे. ते वर उल्लेखिलेल्या चिठ्ठीचे उत्तर. तेहेतीस वर्षांच्या विलंबाबद्दल क्षमा मागून, ते दोन साक्षीदारांसमक्ष येथे लिहून देतो: येतो. तू फलाटावर उभी राहू नकोस, घरूनच बरोबर निघू.

साक्षीदार १: दातांचा डॉक्टर (सही, खाली, "नाइलाजाने")
साक्षीदार २: खालच्या मजल्यावरचा शिंपी (सही)
स्थळ: पत्नीचे घर
दिनांक: गुरुवार, गाडी उद्या सकाळी साडेसहाला
सही करणार: मिळकत, एक पिशवी